बारा तासांची ड्युटी, आठ तासांचा पगार



आज रविवार. तुमच्यापैकी कितीतरी जण सकाळी मिसळ खायला बाहेर पडला असाल, काही जण संध्याकाळी घरच्यांना घेऊन जेवायला जाल. आपल्या हक्काच्या सुटीचा हा दिवस. ती सुटीही सहज मिळालेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र करून आठवड्याच्या सुटीची मागणी लावून धरली आणि १८९० साली गिरण्यांना रविवारची सुटी मिळाली. आपल्यापुढे गरम मिसळीची थाळी ठेवणाऱ्या माणसाचा मात्र रविवार हाच सगळ्यात कामाचा दिवस. त्याला सुटी कधी मिळते? तो सकाळी किती वाजता कामाला लागला? रात्री किती वाजता टेबलं जोडून त्यावर पथारी टाकणार? आणि या सगळ्या तासांचे त्याला पैसे मिळतात का?

हे प्रश्न आपण सहसा विचारत नाही. तोही विचारत नाही, कारण आपल्याला विचारण्याचा हक्क आहे हेच त्याला ठाऊक नसते. म्हणून आज त्या हक्काविषयी चार गोष्टी सांगणार आहे.

वहीतले तास

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एक तरुण सल्ला विचारायला माझ्याकडे आला होता. मराठवाड्यातल्या एका खेड्यातला. शहरातल्या एका मध्यम हॉटेलात तीन वर्षे वेटर होता. आईच्या आजारपणात गावी पंधरा दिवस जास्त राहिला, परत आला तर शेठ म्हणाले, "तुझ्या जागी दुसरा घेतला. हिशेब नंतर बघू." तो नंतरचा दिवस काही उगवेना. महिन्याचा पगार अडकलेला होता.

त्याची मागणी एवढीच होती, की साहेब, माझा तो एक महिन्याचा पगार मिळवून द्या. मी विचारले, "कामावर किती वाजता जायचास?" म्हणाला, "दहाला. चारपर्यंत. मग दोन तास ब्रेक. सहा ते बारा." म्हणजे प्रत्यक्ष कामाचे बारा तास. "आणि जादा तासांचे काय मिळायचे?" तो माझ्याकडे पाहतच राहिला. म्हणाला, "जादा कुठले? ड्युटीच तेवढी होती."

श्रोतेहो, या एका वाक्यात सगळा विषय आला. "ड्युटीच तेवढी होती." हॉटेलच्या धंद्यात बारा तास हे इतके अंगवळणी पडले आहेत, की त्यातले काही तास जादा असू शकतात हे काम करणाऱ्यालाही वाटत नाही.

सुदैवाने त्याच्याजवळ एक लहानशी वही होती. घेतलेली उचल, घरी पाठवलेले पैसे, खाडे आणि कामाच्या वेळा तो तीत लिहून ठेवायचा. शेठ फसवतील म्हणून नव्हे, तर स्वतःला हिशेब राहावा म्हणून. त्या वहीने पुढे त्याला हात दिला.

आधी साधा हिशेब

कायद्याच्या कलमांत शिरण्यापूर्वी एक साधे गणित करू. समजा, एखाद्या कामगाराचा महिन्याचा पगार १५,६०० रुपये आहे. आकडा केवळ हिशेबाच्या सोयीसाठी घेतला आहे. आठवड्याची सुटी सोडून महिन्याचे दिवस २६. म्हणजे दिवसाला ६०० रुपये. हा पगार आठ तासांचा. म्हणजे तासाला ७५ रुपये.

आता जादा कामाचा दर कायद्याने दुप्पट आहे. म्हणजे जादा तासाला १५० रुपये. आमचा वेटर रोज बारा तास काम करत होता. आठवड्याचे सहा दिवस धरले तर ७२ तास. कायद्याची आठवड्याची मर्यादा ४८ तास. वरचे २४ तास जादा. २४ गुणिले १५०, म्हणजे आठवड्याला ३,६०० रुपये. महिन्याच्या २६ दिवसांचा हिशेब केला तर जादा तास १०४, आणि त्यांचे होतात बरोबर १५,६०० रुपये.

लक्षात आले ना? पगाराइतकाच दुसरा पगार. रोजचे चार तास, दर दुप्पट, म्हणजे आठ तासांचे पैसे. जो माणूस बारा तास राबून एक पगार घेतो, तो प्रत्यक्षात निम्म्याच पैशांवर काम करत असतो. त्या तरुणाला मी हे कागदावर मांडून दाखवले तेव्हा तो बराच वेळ काही बोललाच नाही.

कायदा काय म्हणतो?

किमान वेतनाचे विधेयक एप्रिल १९४६ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात मांडले गेले. तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते. १९४८ साली त्याचा कायदा झाला. ज्या धंद्यांत कामगार विखुरलेले, संघटना नाही, मालकाशी घासाघीस करण्याची ताकद नाही, तिथे सरकारनेच खालची रेघ आखून द्यावी, असा त्यामागचा विचार. महाराष्ट्रात या कायद्याच्या अनुसूचीत निवासी हॉटेले, उपाहारगृहे आणि खाद्यगृहे यांचा समावेश झाला.

हे वेतन ठरते कसे? मूळ वेतन आणि त्यावर महागाईशी जोडलेला विशेष भत्ता, असे त्याचे दोन भाग. विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी, म्हणजे जानेवारीत आणि जुलैत बदलतो. कामगार कुशल, अर्धकुशल की अकुशल आणि हॉटेल कोणत्या परिमंडळात, म्हणजे मोठ्या शहरात की लहान गावात, यावर दर अवलंबून असतो. आचारी, वेटर आणि मोरीवर भांडी घासणारा यांचे दर त्यामुळे वेगळे असू शकतात. पण प्रत्येकाला एक दर आहे, आणि त्याच्या खाली जाता येत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या श्रम संहिता लागू झाल्या. त्यांतल्या वेतन संहितेने १९४८ चा किमान वेतन कायदा, १९३६ चा वेतन प्रदान कायदा, बोनसचा कायदा आणि समान वेतनाचा कायदा या चारही कायद्यांची जागा घेतली. कायद्याचे नाव बदलले म्हणून हक्क गेला, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. जुन्या कायद्याखाली जाहीर झालेले दर नवे दर येईपर्यंत चालूच राहतात. उलट किमान वेतन आता अनुसूचीतल्या धंद्यांपुरते राहिलेले नाही, ते सर्वच नोकऱ्यांना लागू आहे.

कामाच्या तासांसाठी महाराष्ट्रात वेगळा कायदा आहे. पूर्वी १९४८ चा मुंबई दुकाने व आस्थापना कायदा होता, त्यात हॉटेलांसाठी स्वतंत्र प्रकरणच होते. त्याच्या जागी २०१७ चा महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा आला. त्यात दिवसाला नऊ तास आणि आठवड्याला ४८ तास ही मर्यादा होती. २०२५ मध्ये राज्याने त्यात बदल केले. दिवसाची मर्यादा नऊवरून दहा तास झाली. तीन महिन्यांतल्या जादा कामाची कमाल मर्यादा १२५ तासांवरून १४४ तास झाली. आणि हा कायदा पूर्णपणे लागू होण्यासाठी कामगारांची संख्या दहाऐवजी वीस करण्यात आली. आठवड्याचे ४८ तास मात्र तसेच राहिले, आणि जादा कामाचा दुप्पट दरही तसाच राहिला.

आता आमच्या वेटरचा हिशेब पुन्हा पाहा. महिन्याला १०४ जादा तास, म्हणजे तीन महिन्यांत ३१२. वाढवलेली मर्यादाही १४४ चीच. म्हणजे दुप्पट पैसे देऊनसुद्धा इतके तास राबवून घेता येत नाही. जादा कामाची मर्यादा पैशांसाठी नसून माणसाच्या शरीरासाठी आहे, हे इथे ध्यानात घ्यावे.

तुम्ही म्हणाल, वीसच्या आतली कितीतरी हॉटेले आहेत. कोपऱ्यावरची खानावळ, चार टेबलांचे अमृततुल्य, हातगाडीवरून गाळ्यात आलेले चायनीज. त्यांचे काय? त्यांना राज्याच्या कायद्यातली तासांची कलमे लागू होत नाहीत, हे खरे. नव्या बदलाने अशा हॉटेलांची संख्या वाढली, हेही खरे. पण किमान वेतनाला माणसांच्या संख्येची अट नाही. एक नोकर असला तरी त्याला किमान वेतन द्यावेच लागते. आणि हे वेतन ठरावीक तासांच्या दिवसाचे असते. त्यापुढच्या कामाला निदान दुप्पट दर द्यावा, हे वेतन संहितेतच लिहिलेले आहे. तेव्हा "आमचे हॉटेल लहान आहे" हे उत्तर पगाराच्या बाबतीत चालत नाही.

"तो स्वतःहून तयार झाला होता"

आमच्या त्या तरुणाचा अर्ज कामगार खात्याच्या कार्यालयात गेला. सुनावणीला शेठ आले. माणूस वाईट नव्हता. स्वतः लहानपणी कपबश्या धुवून वर आलेला. मुंबईपुण्यातल्या कितीतरी हॉटेल मालकांची कहाणी हीच आहे. दक्षिण कानड्यातून पोरवयात आलेली मुले दिवसा हॉटेलात राबली आणि रात्रशाळेत शिकली. त्यामुळे शेठचे पहिले म्हणणे असे, की "आम्हीही असेच बारा-चौदा तास काढले. आणि याला मी बोलावून आणला नव्हता. पगार, वेळ सगळे आधी सांगितले होते. तो स्वतःहून तयार झाला."

माणसाला हे म्हणणे पटण्यासारखे वाटते. पण कायद्याला पटत नाही. किमान वेतनाचा हक्क सोडून देण्याचा करार मुळातच रद्दबातल असतो. १९४८ च्या कायद्यात हे होते, आजच्या संहितेतही आहे. सही केली असली, अंगठा दिला असला, तरी तो कागद हक्काच्या आड येत नाही.

याचे कारण सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली फार स्पष्ट सांगितले. दिल्लीत आशियाई क्रीडा स्पर्धांची बांधकामे चालू होती, तिथल्या मजुरांना किमान वेतनही पुरते मिळत नव्हते. त्या खटल्यात न्यायमूर्ती भगवती यांनी असा निर्णय दिला, की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणे ही राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने मना केलेली सक्तीची मजुरीच होय. सक्ती काही फक्त दांडक्याने होत नाही. भूक आणि गरज हीही सक्तीच. पुढच्याच वर्षी राजस्थानातल्या दुष्काळी कामांवरील मजुरांच्या बाबतीतही न्यायालयाने हेच धरले. दुष्काळात काम दिले हा उपकार झाला, म्हणून किमान वेतन कमी करता येईल, हा युक्तिवाद टिकला नाही.

"जेवण देतो, जागा देतो, टीप मिळते"

शेठचे दुसरे म्हणणे हॉटेलच्या धंद्याचे खास आहे. "दोन वेळचे जेवण, चहानाश्ता, झोपायला जागा. वर रोजची टीप. हे सगळे धरा की."

जेवण-राहण्याचे आधी पाहू. पगाराऐवजी वस्तुरूपाने जे दिले जाते, त्याची किंमत संहितेनुसार एकूण वेतनाच्या १५ टक्क्यांपर्यंतच वेतनात धरता येते. राहण्याच्या जागेपोटी किंवा सोयींपोटी कपात करायची तर ती कायद्याच्या चौकटीत आणि कामगाराने ती सोय स्वीकारलेली असेल तरच. आणि सगळ्या कपाती मिळून वेतनाच्या निम्म्याच्या वर जाऊ शकत नाहीत. रात्री शटर ओढल्यावर टेबलांवर झोपू दिले, याला घरभाडे म्हणून पगारातून पैसे कापणे तर दूरच राहिले.

आता टीप. आपण गिऱ्हाईक म्हणून बिलाच्या बशीत वीस रुपये ठेवतो ते कुणासाठी? वेटरसाठी. मालकाचे वेतन देण्याचे ओझे हलके व्हावे म्हणून नव्हे. हॉटेल कामगारांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार १९९१ साली झाला. त्यातही हेच म्हटले आहे, की टीप मिळो न मिळो, कामगाराला नियमित मूळ मोबदला मिळालाच पाहिजे. आपल्याकडे २०१६ साली आयकराच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने टीप म्हणजे मालकाने दिलेला पगार नव्हे, ती गिऱ्हाइकाकडून येते, असे स्पष्ट केले. त्याच्याही आधी, १९७६ साली, जयपूरच्या रामबाग पॅलेस हॉटेलच्या खटल्यात टीपऐवजी बिलात लावलेला सेवा आकार हा मालकाचा पैसा नसून कामगारांत वाटण्यासाठी असल्याचे मान्य झाले होते. म्हणजे टीप दाखवून किमान वेतनातली तूट भरून काढता येत नाही.

जाता जाता सेवा आकाराविषयी. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने हॉटेलांनी तो आपोआप बिलात लावू नये अशी मार्गदर्शक सूचना काढली, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. त्यावर बरीच चर्चा झाली ती ग्राहकांच्या बाजूने. पण वेटरला पुरता पगार मिळत असता तर त्याचे डोळे आपल्या बिलाच्या बशीकडे लागले असते का, हा प्रश्न त्या चर्चेत मागेच राहिला.

आणि फुटलेल्या कपबशीचे काय? हा तर रोजचा प्रसंग. पेला फुटला, लाव दंड. गिऱ्हाईक बिल न देता पळाले, काप वेटरच्या पगारातून. कायदा असे सरसकट करू देत नाही. नुकसानीची कपात करायची तर ती वस्तू त्या कामगाराच्या ताब्यात दिलेली हवी, नुकसान त्याच्याच हलगर्जीपणाने झालेले हवे, आणि कपातीपूर्वी त्याचे म्हणणे ऐकून घ्यायला हवे. दंडाची तर मर्यादाच ठरलेली आहे, पगाराच्या तीन टक्क्यांपर्यंत.

"एवढे दिले तर हॉटेल बंद पडेल"

शेठचे तिसरे म्हणणे सगळ्यात प्रामाणिक होते. गाळ्याचे भाडे, गॅस, वीज, तेलाचे भाव. "साहेब, कायद्याप्रमाणे सगळे दिले तर कुलूप लावावे लागेल."

या प्रश्नाचे उत्तर आपल्या न्यायालयांनी फार पूर्वी दिले आहे, आणि ते देणारे न्यायमूर्ती साताऱ्यात जन्मलेले होते, प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर. १९५७ च्या एका निकालात त्यांनी असे तत्त्व मांडले, की जो उद्योग आपल्या कामगारांना जगण्यापुरते किमान वेतनही देऊ शकत नाही, त्याला चालू राहण्याचा हक्क नाही. १९६१ साली केरळातल्या कौल कारखान्यांच्या खटल्यातही मालकाची ऐपत हा किमान वेतनाच्या बाबतीत विचारात घेण्याचा मुद्दा नाही, हेच ठरले.

हे कठोर वाटेल. पण जरा उलटून पाहा. गाळ्याचा मालक भाडे कमी करत नाही, गॅसवाला सिलिंडर स्वस्त देत नाही. सगळ्यांचे पैसे पुरे द्यायचे आणि तोटा आला की तो फक्त मोरीवरच्या माणसाने सोसायचा, हा कुठला न्याय? शिवाय जो हॉटेलवाला प्रामाणिकपणे कायद्याप्रमाणे पगार देतो, त्याच्या शेजारी बारा तास राबवून थाळी स्वस्त विकणारा उभा राहिला, तर बुडतो कोण? प्रामाणिक माणूस. कायदा सगळ्यांना सारखा लागू झाला तर त्याचाही फायदाच आहे.

लाटण्यावरचे हात आणि लहान हात

दोन गोष्टी थोडक्यात सांगतो, कारण त्या नेहमी नजरेआड राहतात. पहिली, मागच्या बाजूला बसून पोळ्या-भाकऱ्या करणाऱ्या बायका. त्यांना पुष्कळदा नगावर पैसे मिळतात, इतक्या पोळ्यांना इतके. पण नगावर काम दिले म्हणून किमान वेतन चुकत नाही. नगाचा वेगळा दर ठरलेला नसेल तर वेळेच्या हिशेबाने होणाऱ्या किमान वेतनापेक्षा कमी देता येत नाही. आणि पुरुष आचाऱ्याचे काम बाई करत असेल तर तिचा पगार ती बाई आहे म्हणून कमी ठेवता येत नाही.

दुसरी गोष्ट, फडका मारणारा तो पोरगा. ऑक्टोबर २००६ पासून हॉटेल, ढाबे आणि चहाच्या टपऱ्यांवर चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवण्यावर बंदी आली, आणि २०१६ च्या दुरुस्तीने ती जवळपास सर्वच कामांना लागू झाली. इथे किमान वेतनाचा प्रश्नच येत नाही. तो मुलगा तिथे असताच कामा नये.

हक्क मागायचा कसा?

आता त्या वहीकडे परत येऊ. सुनावणीत शेठनी मस्टर दाखवले. त्यावर रोज आठ तासांची हजेरी आणि त्या तरुणाच्या सह्या होत्या. कोऱ्या मस्टरवर महिन्याच्या शेवटी घेतलेल्या. एका बाजूला मस्टर, दुसऱ्या बाजूला शाळेच्या वहीतली पेन्सिलीची अक्षरे. मग बिले निघाली. हॉटेलच्या संगणकावरच्या बिलावर वेटरचा नंबर आणि वेळ छापलेली असते. सकाळी साडेअकराचे बिल त्याच्या नंबरचे, आणि त्याच दिवशी रात्री पावणेबाराचेही त्याच्याच नंबरचे. वही आणि बिले जुळली. शेठ गप्प झाले आणि तडजोडीला तयार झाले.

तडजोड झाली ती मात्र सहा महिन्यांच्या पैशांवर. तीन वर्षांचे तास होते, पण त्या वेळच्या किमान वेतन कायद्यात सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागे. उशिराचे सबळ कारण दाखवता आले तर सवलत होती, पण "मला ठाऊक नव्हते" हे कारण पटवणे सोपे नसते. अडीच वर्षांचे कष्ट असे अज्ञानात बुडाले. त्याला मिळालेल्या पैशांत घरच्या कर्जाचा एक हप्ता फिटला. सगळे मिळाले असते तर कर्जच फिटले असते.

आजची स्थिती या बाबतीत सुधारली आहे. वेतन संहितेत दावा करण्याची मुदत तीन वर्षे आहे. दावा स्वतः कामगार करू शकतो, त्याची संघटना करू शकते, सरकारी निरीक्षकही करू शकतो. दावा मंजूर झाला तर थकलेल्या रकमेशिवाय तिच्या दहा पटींपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला आहे. निकाल तीन महिन्यांत लावण्याचा प्रयत्न करावा, असेही म्हटले आहे. मालकाने पैसे दिले नाहीत तर ते जमीन महसुलाच्या थकबाकीसारखे वसूल करता येतात. आणि सगळ्यात महत्त्वाचे, पगार दिला हे सिद्ध करण्याची जबाबदारी आता मालकावर आहे. कमी दिल्याबद्दल ५० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. पाच वर्षांत पुन्हा तोच गुन्हा केला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

तेव्हा हॉटेलात काम करणाऱ्या माझ्या भावाबहिणींना काही गोष्टी कळकळीने सांगायच्या आहेत.

रोजची हजेरी लिहून ठेवा. आलो किती वाजता, सुटलो किती वाजता, मध्ये ब्रेक किती. वही नसेल तर मोबाइलवर लिहा. आठवड्यातून एकदा नव्हे, रोज. त्याच दिवशी लिहिलेल्या नोंदीला जो भाव असतो तो नंतर आठवून सांगितलेल्याला नसतो.

कोऱ्या मस्टरवर, कोऱ्या व्हाउचरवर सही करू नका. करावी लागलीच तर वहीत तशी नोंद करा.

वेतनाची पावती मागा, ती देणे मालकाला बंधनकारक आहे. पगार शक्यतो बँकेत घ्या. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत मिळायला हवा. नोकरी सोडली किंवा काढून टाकले तर दोन कामकाजाच्या दिवसांत सगळा हिशेब चुकता व्हायला हवा. "एक महिन्याचा पगार आमच्याकडे राहू दे" या प्रथेला कायद्यात जागा नाही.

ठेकेदारामार्फत लागला असाल तरी घाबरू नका. ठेकेदाराने पगार बुडवला तर ज्याचे हॉटेल आहे त्याच्यावर जबाबदारी येते.

तक्रार करायची तर जिल्ह्याच्या कामगार आयुक्तालयाच्या कार्यालयात जा. आपल्या कामाचा आणि परिमंडळाचा आजचा दर काय, हेही तिथेच विचारा. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रिया, अनुसूचित जातीजमातींतले लोक, वेठबिगारीला बळी पडलेले, औद्योगिक कामगार आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले लोक यांना तिथे मोफत वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी करूनही मार्गदर्शन घेता येते. आणि जमले तर एकट्याने जाऊ नका. चौघांनी मिळून अर्ज केला तर चौघांनाही काढून टाकणे शेठना रविवारी परवडत नाही.

भीतीचे काय?

शेवटी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. कायदा माहीत असूनही माणसे गप्प बसतात, ती भीतीने. नोकरी जाईल, राहायची जागाही त्याच दिवशी जाईल, कारण झोपायचे तेही हॉटेलातच. गावाकडच्याच माणसाने चिकटवून दिलेले असते, त्याला वाईट वाटेल. ही भीती खोटी नाही, आणि ती भाषणाने जात नाही. म्हणून पुष्कळ दावे नोकरी सुटल्यावरच दाखल होतात. पण त्यासाठीच तर तीन वर्षांची मुदत आहे. आज मागता येत नसेल तर निदान आज लिहून ठेवता येईल.

आणि आपण, जे टेबलाच्या या बाजूला बसतो? आपण मालकाशी भांडावे असे मी म्हणत नाही. पण पुढच्या वेळी रात्री अकराला बिल आणून देणाऱ्या मुलाला सहज विचारून पाहा, "काय रे, सकाळी किती वाजता आलास?" तो हसेल, म्हणेल, "नेहमीचंच, काका." त्याला एवढेच सांगा, की बाबा रे, आठवड्याच्या ४८ तासांपुढच्या कामाला दुप्पट पैसे असतात. वहीत लिहून ठेवत जा.

बशीत ठेवलेल्या वीस रुपयांपेक्षा ती माहिती त्याला जास्त दिवस पुरेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)